पाद्री बोलला, उमेदवार अडकला

शनिवार, ७ जून २००८. शिकागोच्या पश्चिमेचं उपनगर नेपरव्हिल. कुंपणापलीकडे काकू मेथीच्या वाफ्यात बसल्या होत्या, अलीकडे मी झाडांना पाणी घालत होते.

"अगं, ऐकलंस का? हिलरीबाईंनी आज अध्यक्षपदाच्या उमेदवारीचं मैदान सोडलं. आता आपला ओबामाच!"

"आपला म्हणजे इलिनॉयचा म्हणून ना? पण काकू, तो पाद्री चांगलाच गळ्यात पडला होता हो त्याच्या."

"पडला कसला, यानंच वीस वर्षं गळ्यात बांधून घेतला होता. जेरेमाया राइटनंच याचं लग्न लावलं, मुलींचे बाप्तिस्मे केले. याच्या पुस्तकाचं नावसुद्धा त्याच्याच प्रवचनातून घेतलेलं. आणि मार्चमध्ये टीव्हीवर लागलं काय, तर तोच राइट व्यासपीठावरून अमेरिकेला शिव्याशाप देतोय! आमच्या ह्यांनी हातातला घास खाली ठेवला. म्हणाले, 'वीस वर्षं हा काय कानात बोळे घालून बसला होता?'"

"काकांचं काही चुकलं नाही."

"चुकलं नाहीच. पण टीव्हीवाल्यांनी तीस-पस्तीस वर्षांच्या प्रवचनांतले दोन-चार तुकडे उचलले आणि दिवसरात्र तेच दळले. हाच राइट मरीन्समध्ये होता, मग नौदलात. १९६६ साली अध्यक्ष जॉन्सनच्या शस्त्रक्रियेच्या वेळी शुश्रूषेला हजर होता. ते कुणी दाखवलं?"

"म्हणून काय शिव्याशाप माफ?"

"माफ कोण करतंय? मी एवढंच विचारते, की त्यातलं ओबामानं घेतलं काय. माझ्या बाबांची गोष्ट सांगते. सांगलीला आमच्या गल्लीत एक बुवा कीर्तनाला यायचे. मुलींना फार शिकवलं की घर बुडतं, हे त्यांचं ठरलेलं. बाबा पुढच्या रांगेत बसून माना डोलवायचे, आरतीत पैसे टाकायचे. आणि घरी येऊन मला म्हणायचे, 'एम. एस्सी.चा फॉर्म भरलास का?' आता बाबांना तोलायचं तर बुवांवरून तोलायचं, की माझ्या फॉर्मवरून?"

"पण तुमचे बाबा निवडणुकीला उभे नव्हते ना! अध्यक्ष व्हायचं म्हटल्यावर लोक विचारणारच."

"विचारू देत की. त्यानं उत्तरही दिलं. १८ मार्चला फिलाडेल्फियात म्हणाला, राइटचं बोलणं मला मान्य नाही, पण जसं माझ्या गोऱ्या आजीला टाकता येत नाही, तसं यालाही टाकता येत नाही. मला पटलं होतं बाई."

"आणि सहा आठवड्यांत टाकलाच!"

काकूंनी खुरपं माझ्याकडे रोखलं. "कारण एप्रिलच्या शेवटी राइट वॉशिंग्टनला पत्रकारांपुढे उभा राहिला आणि सगळं पुन्हा ठासून बोलला. दुसऱ्याच दिवशी ओबामानं हात झटकले. मग मेमध्ये राइटच्याच चर्चमध्ये पाहुणा आलेल्या एका गोऱ्या कॅथलिक पाद्र्यानं हिलरीबाईंची नक्कल केली, तेव्हा गेल्या शनिवारी यानं चर्चच सोडलं."

"म्हणजे मतं जायला लागल्यावर."

"असेल. आता समोरच्या रिपब्लिकन मॅकेनचं बघ. टेक्सासचा तो पाद्री जॉन हेगी. फेब्रुवारीत त्याला शेजारी उभं करून पाठिंबा घेतला. ज्यूंना इस्राएलकडे हाकलायला देवानंच हिटलर धाडला, असं त्याचं जुनं प्रवचन मेमध्ये बाहेर आलं. २२ मेला पाठिंबा परत! त्याच दिवशी ओहायोच्या रॉड पार्सलीलाही सोडलं. इस्लामविरुद्ध आग ओकणारा तो पार्सली, आणि फेब्रुवारीत त्यालाच 'आध्यात्मिक मार्गदर्शक' म्हणून मिरवलं होतं."

"पण हेगी काही मॅकेनचा गुरू नव्हता. तो म्हणालाही, मी काही वीस वर्षं त्याच्या चर्चमध्ये जात नव्हतो."

"तो टोमणा कुणाला होता ते कळलं हो मला! पण मी म्हणते, तेच जास्त वाईट. राइटशी ओबामाचं नातं तरी होतं, सुखदुःखाचं. हेगी आणला तो निव्वळ मतांसाठी. ज्याला मतांसाठी शोधून आणलं, त्याची प्रवचनं आधी वाचायला नकोत?"

"काकू, वकिली छान करता! वीस वर्षं ऐकणारा निर्दोष, आणि एक दिवस शेजारी उभा राहिलेला दोषी?"

"निर्दोष नाही म्हटलं मी. जाब दोघांनाही विचारायचा, पण वेगवेगळा. ओबामाला विचार, इतकी वर्षं ऐकून घेतलंस, कधी उठून बोललास का? मॅकेनला विचार, ज्याला जवळ केलंस त्याची चौकशी का केली नाहीस? आणि तिसरी जात केनेडीची. तिथं पाद्र्यानं काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती."

"ते कसं?"

"माझ्या ऑफिसातली आयरिश बाई सांगायची. १९२८ साली अल स्मिथ उभा राहिला, तर लोक म्हणाले, हा कॅथलिक, म्हणजे राज्य पोप करणार. पडला बिचारा. १९६० साली केनेडीवर पुन्हा तेच. तो सप्टेंबरमध्ये ह्यूस्टनला गेला, प्रोटेस्टंट पाद्र्यांच्या सभेत उभा राहिला आणि सांगून आला, की राज्यकारभारात मी चर्चच्या वतीनं बोलत नाही आणि चर्च माझ्या वतीनं बोलत नाही. इथल्या राज्यघटनेतच आहे, पदासाठी धर्माची अट घालायची नाही म्हणून."

"अट सरकारनं घालायची नाही. मतदारानं मनात काय धरावं, ते घटना कुठं सांगते?"

काकू क्षणभर गप्प. मग मेथीची जुडी कुंपणावरून माझ्या हातात देत म्हणाल्या, "ते खरं. मनात धर हवं तर. पण मग दोन्हीकडचं धर. आमचे हे राइटचं नाव काढलं की तासभर बोलतात आणि हेगीचं काढलं की चॅनल बदलतात."

"आणि तुम्ही?"

"मी उलटं करते."