भुताला धरलं, अण्णांना सोडलं

२२ फेब्रुवारी २०१६ ला झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली आणि सिंधुदुर्गात आरडाओरडा झाला तो भुतांवरून. मालिकेतल्या आकेरीच्या नाईकांच्या वाड्यात नेमकं काय चाललंय, कोण मारतंय, कोण दिसतंय, काहीच कळेना. मग आक्षेप आले. कोकणाची बदनामी होतेय, अंधश्रद्धा पसरतेय, मालिका बंद करा.

बदनामीचं मला पटलं नाही. एका नाईकांच्या घरात खून झाला म्हणून अख्खा जिल्हा खुनी ठरत नाही. चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओत चित्रीकरणासाठी खोटे किल्ले उभे राहताना पाहिलेल्या आम्हा कर्जत-खालापूरकरांना तर हे सांगायलाही नको.

अंधश्रद्धेचा आक्षेप मात्र खरा आहे. आमच्याकडे भातलावणीच्या दिवसांत साप चावला की ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या वाडीवरून माणूस अजूनही कधी कधी आधी भगताकडे जातो, मग दवाखान्यात. तेवढ्यात उशीर होतो. साप, विंचू चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. रोज रात्री घराघरांत भूत नेणाऱ्या वाहिनीला याचं भान हवंच.

पण आपण सगळे चुकलो ते पुढे. २०१९ मध्ये दुसरा भाग आला, कथा मागे गेली आणि पहिल्या भागात सुरुवातीलाच मेलेले अण्णा नाईक जिवंत समोर उभे राहिले. माधव अभ्यंकरांनी अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांनी त्यांची प्रेयसी शेवंता अशी रंगवली की महाराष्ट्र त्यांच्या प्रेमात पडला. काम उत्तमच होतं. पण हे अण्णा कोण? दुसऱ्याच्या जमिनी गिळणारे, माणसं मारून पुरणारे, बायकोला, माईला, जन्मभर छळणारे. भुतावर तुटून पडलेला महाराष्ट्र या माणसावर मात्र फिदा झाला. त्याचे संवाद लग्नाच्या वरातीपर्यंत पोचले.

आमच्या रायगडात तरी हे व्हायला नको होतं. याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरीला, १९३३ पासून सहा वर्षं कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला होता. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. पोटाला चिमटा घेऊन त्या लोकांनी अण्णांसारख्यांशी झुंज दिली. आणि आजही कर्जत-खालापूरचा कातकरी पावसाळ्यात उचल घेतो, दिवाळीनंतर बायकापोरांसह वीटभट्टीवर जातो आणि मालक सांगेल तो हिशेब मान्य करून परततो. त्याला भुताची भीती असेलही, पण त्याला मालकाची भीती जास्त आहे.

म्हणून एक मागणं आहे. पुढची गूढ मालिका आली की भूत खरं की खोटं यावर जरूर भांडा. पण तिच्यातला मालक कुणाची जमीन लाटतोय आणि बायकोवर हात का उचलतोय, याचाही जाब वाहिनीला पत्र लिहून विचारा.