आराखडा एक्स्प्रेस

चाकणला रेल्वे नाही, हा निव्वळ अपप्रचार. कागदावर ती कधीचीच धावते आहे. 235 किलोमीटरची पुणे-नाशिक रेल्वे चाकणमार्गे सुसाट निघाली आणि थेट खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या आक्षेपापाशी थबकली. निगडी-चाकण मेट्रोही वाकड, नाशिक फाटा, भोसरी, मोशी असा सर्वांचा पाहुणचार घेत येणार आहे. पुणे-लोणावळा लोकल 1978 साली घाईघाईने रुळांवर आणली, म्हणून आज तिला गर्दी सोसावी लागते. आराखड्यात मात्र प्रत्येकाला खिडकी मिळते. तेव्हा चाकणच्या कारखान्यांतल्या कामगारांना आता आराखड्याचाच मासिक पास द्यावा. पहिली मेट्रो चाकणला येईल, तेव्हा स्वागताला गर्दी नक्की असेल: आज चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीत अडकलेली कामगारांची पहिली पाळी तिथेच असेल.