धरण तडकवा, पदवी मिळवा

पोफळीच्या डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजघर आहे. घाटावरचं पाणी तिथे उतरतं, जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठीला मिळतं. संशोधकांचा डोळा मात्र वर, धरणावर. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या धरणाला वरच्या अंगाला, उतार बदलतो नेमका तिथे, भेगा पडल्या. धक्क्याची नोंदही धरणातल्याच यंत्राने टिपली. झालं! जगभरच्या पीएचडीवाल्यांना आयतं गिऱ्हाईक सापडलं. अबॅकस या सॉफ्टवेअरच्या नमुना उदाहरणांतही कोयना आहे. ज्याला नकाशात कोयना दाखवता येणार नाही, तोही ती संगणकावर हलवतो, तडकवतो आणि भेग बरोबर जागी उमटली की गाइडकडे पेढे नेतो. खरं धरण डागडुजी होऊन मुकाट उभं आहे.

प्रबंध मग ग्रंथालयात जातो. ग्रंथपाल शिक्का मारतो, क्रमांक देतो, वाट पाहतो. येतो एखादा, संदर्भसूची उतरवून घ्यायला.

आता राहिले वारसावाले. वीजघराला ‘औद्योगिक वारसा’ म्हणावं का, यावर चर्चासत्र भरवता येईल. पुण्यात, अर्थात. पोफळीला यायचं तर कुंभार्ली घाट उतरावा लागतो.