मनीषनगरचा एक गुण

नागपुरातल्या मनीषनगरचा पत्ता कोणी ‘मनीष नगर’ लिहिला, कोणी घाईत ‘मनिषनगर’, तरी पाहुणा बरोबर दारात येतो. मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीवरच्या लघूत्तरी प्रश्नात शिक्षकाने ‘मनीषनगर’ एवढेच उत्तर भरून ठेवले, तर मात्र दोघांनाही शून्य. एका रिकाम्या जागेची किंमत अख्खा गुण. इंग्रजीतल्या लहान-मोठ्या अक्षरांचा भेद माफ करायची सोय तिथे आहे. देवनागरीत तो भेदच नाही, म्हणजे माफी मिळाली ती न केलेल्या गुन्ह्याची! ऱ्हस्व-दीर्घाला जामीन नाही.

यावर कोणी म्हणेल, तारांकन वापरा. त्याच्या जागी काहीही चालते. पण ‘*मनीष*नगर*’ असा उदार नियम केला की ‘मनीषनगर सोडून कुठेही’ हे उत्तरही पैकीच्या पैकी घेऊन जाते, आणि ऱ्हस्व ‘मनिष’ दाराबाहेरच. मग बहुपर्यायी प्रश्न घ्या, असा सल्ला येतो. तिथे चार पर्याय असले, तर डोळे मिटून बोट ठेवणाऱ्यालाही सरासरीने चारांत एकदा यश मिळते, आणि यंत्र तत्क्षणी त्याची पाठ थोपटते. शिक्षकाचा वेळ वाचतो, हा युक्तिवाद मात्र खोडता येत नाही: पूर्वी तो चुका तपासण्यात जायचा, आता होऊ शकणाऱ्या चुकांची आगाऊ यादी करण्यात जातो. आणि त्या यादीत ‘मनीश’ राहिलाच.