पावशेर कारळं

आष्टीच्या किराणा दुकानात एखादी वस्तू नसली, तर दुकानदार तोंडानं 'नाही' म्हणत नाही. गिऱ्हाईक दुखावलेलं त्याला आवडत नाही. तो वाट दाखवतो. "कड्याला बघा, सर." कड्याला गेलं की तिथला सांगतो, "जामखेडला मिळंल की." कडा आणि जामखेड आष्टीच्या दोन विरुद्ध अंगांना आहेत हे दोघांनाही ठाऊक असतं, पण मदतच करायची म्हटल्यावर इतका बारीक हिशेब कोण करतं? जामखेडचा दुकानदार नगरच्या मार्केट यार्डाकडं बोट करतो, आणि यार्डातला व्यापारी चष्म्यावरून बघत विचारतो, "कुठले तुम्ही? आष्टीचे? अहो, हा तर तुमच्याकडचाच माल!"

हा माल म्हणजे कारळं.

ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सूर्यफुलाच्या कुळातलं झाड, फुलं पिवळीधमक, बी काळं, चकचकीत, लांबट आणि इतकं बारीक की हजार दाण्यांचं वजन ३ ते ५ ग्रॅम भरतं. हे बी आधी नीट निवडायचं, कारण त्यातला खडाही तितकाच बारीक आणि तितकाच काळा असतो. मग मंद आचेवर कोरडंच भाजायचं. बराच वेळ काही होत नाही, आपण जरा दुसरीकडं बघतो आणि तेवढ्यात ते तडतडायला लागतं. लसूण, सुक्या लाल मिरच्या, मीठ आणि घरच्या रिवाजाप्रमाणे जिरं घालून खलबत्त्यात कुटायचं. मिक्सरला माझी ना नाही, पण त्यात त्याची भुकटी होते. कुटलं तर अंगचं तेल सुटतं आणि चटणी बोटाला लागते. चव आधी किंचित कडसर, मग खमंग, मग तिखट. तिखट कळेपर्यंत बाजरीच्या भाकरीचा दुसरा घास तोंडात गेलेला असतो. वर कच्च्या तेलाची धार आणि बुक्कीनं फोडलेला कांदा असला, तर भाजीची चौकशी कुणी करत नाही. दोष एकच. दाणे दातांत अडकतात आणि पुढं तासभर माणूस हसला की सगळ्यांना कळतं काय जेवलाय. मुलगी बघायला जाणाऱ्यांनी निघण्याआधी ही चटणी खाऊ नये, एवढा सल्ला मी अनुभवी म्हणून देतो.

आमच्या घरी कारळं कधी विकत आणलेलं मला आठवत नाही. ते यायचं. गावाकडून कुणीतरी येताना एका जुन्या कापडी पिशवीत, शेवग्याच्या शेंगा आणि तुरीच्या डाळीसोबत पावशेर कारळं असायचंच. पाठवणाऱ्या आत्याबाई आता पुण्याला लेकाकडं राहायला गेल्या. तिथून त्या आम्हालाच फोन करून विचारतात, "कारळं मिळालं तर पाठव रे थोडं." आणि मग पिशवी घेऊन मी दुकानांच्या पायऱ्या चढायला लागलो.

पहिल्या दुकानात पोरगा नवा होता. त्यानं मोठ्या आत्मविश्वासानं काळे तीळ पुढं केले. मी म्हटलं, हे नव्हे. तो म्हणाला, "काळंच आहे की." काळे तीळ पिशवीत घेऊन भरबाजारातून घरी येण्याची माझी तयारी नव्हती, वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकानं आवाज खाली आणून विचारलं असतं, कोण गेलं? दुसऱ्या दुकानात कलौंजी निघाली. तीही काळी. तिसऱ्या दुकानदारानं मात्र प्रश्नाला पूर्ण न्याय दिला. बरण्या हलवल्या, माळ्यावर पोरगा चढवला, पोत्यामागं हात घातला आणि शेवटी सोलापुरी शेंगदाणा चटणीचं पाकीट माझ्या हातात ठेवून म्हणाला, "सर, ही न्या. कारळं विसरताल." ती चटणी उत्तम होती. कारळं विसरलो नाही.

त्याच दुकानात काउंटरवर, तंबाखूच्या पुड्यांशेजारी, चिया सीडची पाकिटं टांगलेली होती. मी विचारलं, हे कोण नेतं? तर म्हणे, "मोबाइलवर बघत्यात आन् घेऊन जात्यात. वजन कमी होतं म्हणं." मेक्सिकोकडचं बी आष्टीच्या बाजारपेठेत पोचलं आणि बांधावरचं पोचेना, यावर एक सणसणीत भाषण माझ्या डोक्यात तयारही झालं होतं. पण भाषणाआधी जरा माहिती काढावी म्हणून चार पानं चाळली, आणि कळलं की कारळं मूळचं इथिओपियाचं. तिकडं त्याला नूग म्हणतात. तेव्हा भाषण रद्द. पाहुणाच, फक्त आधी आलेला आणि आपल्याकडं लसूण खायला शिकलेला.

आपल्या ताटात डावी बाजू म्हणून एक खातं असतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. पाहुण्यांपुढं कौतुक होतं उजवीकडच्या भाजीचं आणि वाटीतल्या आमटीचं. पण भाजी आळणी झाली, आमटी पातळ झाली, किंवा ऐनवेळी चार पानं वाढली, की सगळा संसार डाव्या बाजूवर येऊन पडतो. आमच्या तालुक्यातून दरसाल जी कुटुंबं ऊसतोडीला जातात, त्यांच्या गाठोड्यात भाजी नसते, कोरडी चटणी असते. दुकान मात्र उजव्या बाजूवर चालतं. महिन्याची यादी काढून बघा: तेल, साखर, तांदूळ, डाळ, चहापूड, साबण. डाव्या बाजूसाठी कुणी यादी करत नाही, कारण ती आजवर कुणीतरी पाठवलेल्यावर किंवा घरात उरलेल्यावरच भागलेली आहे. त्यामुळं दुकानदाराचा राग येत नाही. त्याच्याकडं आजवर कुणी न मागितलेली वस्तू मी एकाएकी हक्कानं मागत होतो.

बरं, शेतात तरी ते का उरलं नाही? कारळं मुख्य पीक म्हणून इकडं कुणी मिरवलं नाही. हलकी, मुरमाड जमीन त्याला चालते, लाड करावे लागत नाहीत. दुसऱ्या पिकाच्या कडेनं चार ओळी टाकायच्या; जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून आतल्या पिकाची राखणही व्हायची. आता पेरणी ट्रॅक्टरची. ट्रॅक्टरवाला एकरावर पैसे घेतो, कडेच्या चार ओळींसाठी बियाण्याचं डबडं बदलत बसत नाही. शिवाय कडेला पेरायचं तर कड तरी हवी. आमच्याकडं दोन भावांची वाटणी झाली की दोघेही आपापल्या बाजूनं बांध कोरायला घेतात. दरवर्षी वीतभर इकडून, वीतभर तिकडून. असे बांध मी पाहिले आहेत की ज्यांवरून मांजरसुद्धा तोल सांभाळत जातं. तिथं कारळं कुठं उभं राहणार? एवढ्यावर थांबत नाही. कारळ्याचं झाड स्वतःच्या परागावर बी धरत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, आणि तो आणायचं काम मुख्यतः मधमाशांचं. कांद्यावर आणि कापसावर फवारणी चालली की माशा आधी निघून जातात. मग फुलं येतात, पिवळीधमक दिसतात, लोक फोटो काढतात, आणि बोंडात बी नसतं.

पुस्तकात मात्र त्याचा रुबाब कायम आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं 'फुले कारळा' नावाचा वाण काढलेला आहे, आणि राहुरी काही आष्टीपासून परदेशात नाही. केंद्र सरकार ज्या खरीप पिकांना हमीभाव जाहीर करतं त्यांतही कारळं आहे. २०२५-२६ साठी क्विंटलला ९,५३७ रुपये. आदल्या वर्षापेक्षा ८२० रुपये जास्त, आणि त्या साली सगळ्या खरीप पिकांत रुपयांच्या हिशेबात सर्वांत मोठी वाढ कारळ्याचीच. दिल्लीच्या यादीत आहे, आष्टीच्या यादीत नाही.

मोबाइलवरही शोधलं. मिळतं, पण पक्ष्यांचं खाद्य म्हणून, पाकिटावर पोपटी रंगाच्या पाखराचं चित्र. हा अपमान फक्त आपल्याकडं होत नाही. अमेरिकेत लोक घराबाहेर बारीक भोकांच्या नळ्या टांगतात आणि गोल्डफिंच नावाच्या पिवळ्या पाखरांसाठी त्यात कारळं भरतात. ते भारतातूनही जातं. सोबत आलेल्या तणाचं बी तिकडं रुजू नये म्हणून तिथल्या सरकारी नियमानं ते १२० अंश सेल्सिअसला १५ मिनिटं तापवतात. म्हणजे भाजण्याचं निम्मं काम सरकारच करून देतं, लसूण तेवढा राहतो. तिकडच्या मराठी मंडळींनी पाखरांच्या दुकानाकडं मोहानं बघू नये. ते माणसासाठी निवडलेलं नसतं.

२३ सप्टेंबर २०२२ ला नगर–आष्टी रेल्वे सुरू झाली, ६६ किलोमीटरची. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ती बीडपर्यंत गेली. नगरचं आता अहिल्यानगर झालं आहे, तरी चटणीच्या गरजेनं निघालेला माणूस अजून नगरच म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या वाट बघितलेल्या या रेल्वेचा पहिला परिणाम माझ्यापुरता असा झाला, की "नगरला बघा" असं सांगणं दुकानदाराला फार सोपं झालं. वर तो वेळापत्रकही सांगतो.

शेवटी कारळं मिळालं ते आठवडी बाजारात, गोणपाटावर मूग, मटकी, हुलगे यांचे छोटे ढीग मांडून बसलेल्या एका बाईंकडं. ढिगांत ते नव्हतंच. पाठीमागच्या गाठोड्यात होतं. मी नाव घेतल्यावर त्यांनी मला खालीवर बघितलं.

"कशाला पायजे? पाखरांला का?"

"नाही मावशी, खायला."

"भाजता येतं का घरात कुणाला?"

येतं म्हटल्यावर गाठोडं सुटलं. तागडी बाजूला ठेवून त्यांनी चिपट्यानं मोजून दिलं आणि वर एक मूठ जास्त टाकली. भाव हमीभावाच्या चांगलाच वर होता. मी घासाघीस केली नाही. पुढच्या बाजाराला आणाल का, असं विचारलं, तर म्हणाल्या, "आता कुठलं? घरचं व्हतं तेवढं संपलं." त्यातलं निम्मं पुण्याला गेलं, आत्याबाईंना.

तेव्हा आष्टीतल्या किराणा दुकानदारांना एक विनंती आहे. पुढच्या खेपेला माल भरताना पाच किलो कारळं आणा. जास्त नको, तेलाचं बी आहे, फार दिवस पडून राहिलं तर खवट होतं. निवडलेलं नसलं तरी चालेल, खडे आम्ही काढू. आणि समजा महिनाभर कुणीच विचारलं नाही, तर मला निरोप द्या. सगळं रोखीनं नेईन. मागच्या उधारीचा विषय मात्र त्या दिवशी काढू नका.