चार पाव आणि एक वाघ

आमच्या घराण्यात मला गणित येतं, अशी एक अफवा आहे. पतसंस्थेत हयातभर खतावण्या जुळवल्या, एवढ्याच भांडवलावर ती उठली आणि मीही ती कधी खोडून काढली नाही. कारण या अफवेमुळे लग्नकार्यात तांदळाचा अंदाज काढायला मला बोलावतात आणि तिथे चहा दोनदा मिळतो. म्हणून पुण्याचा भाचा श्रावणात कणकुंबीला आला आणि दप्तरातून एक जाडजूड पुस्तक काढून म्हणाला, "मामा, तूच डंजन मास्टर हो, यात सगळं गणितच आहे," तेव्हा "बघू" म्हणून वेळ मारून न्यायची सोडून मी म्हणालो, "आण इकडे."

कणकुंबीचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, मलप्रभा या गावात उगम पावते हे खरं, पण श्रावणात ती नेमकी कुठून निघते ते सांगता येत नाही. माउलीच्या देवळापाशी निघते, आमच्या परसातून निघते, न्हाणीतूनही निघते. लाइट गेलेली, मोबाइलची रेंज त्याच्याही आधी गेलेली. अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो 1974 साली काढला. मास्टर गोष्ट सांगतो, खेळणारे त्या गोष्टीतले वीर होतात आणि वार लागला की हुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. हा गायगॅक्स पूर्वी विमा कंपनीत जोखीम जोखायच्या कामाला होता आणि पुढे बूट दुरुस्त करायचा, असं भाच्यानं सांगितलं. विम्याचं ऐकून मला धीर आला. बुटांचं मनावर घ्यायला हवं होतं.

मास्टरचं अवघड काम एकच, समोर कोणती जनावरं आणि किती सोडायची ते ठरवणं. वीरांना घाम फुटला पाहिजे, पण जीव जाता कामा नये. भाच्याचं पुस्तक 2014 सालचं. त्यात प्रत्येक जनावराला गुण दिलेले, आणि चार नवशिक्या वीरांसाठी 200 गुणांची लढाई मध्यम, 300 ची अवघड, 400 ची प्राणघातक. आमचे वीर चारच होते : भाचा, भाची आणि शेजारची दोन पोरं. वाघाला किती गुण? 200. जमाखर्च पैला पै जुळला. मला गहिवरून आलं.

वाघ म्हणून मी चटईवर अडकित्ता ठेवला. मग भीमगडचं रान उभं केलं, बारापेडेच्या गुहेतली वटवाघळं उडवली, आवाज इतका खाली नेला की शेजारचं धाकटं पोर घोंगडीत शिरलं, आणि कंदिलाची वात बारीक करून वाघ अंगावर सोडला. वाघाला जीव 37. पण एका फेरीत त्याचा पंजा एकदा चालणार आणि त्याच फेरीत त्याच्यावर चार वार पडणार, ही बाब माझ्या खतावणीत कुठे आलीच नव्हती. पहिला पंजा हुकला. दुसऱ्या फेरीत अडकित्ता आडवा झाला. माझा चहा अजून कोमटसुद्धा झाला नव्हता.

मग मी लांडगे काढले. आपल्याकडचं काहीतरी असावं म्हणून त्यांची रानकुत्री केली. पुस्तकात प्रत्येक जनावराच्या ताकदीची पायरीही दिलेली : वाघाची एक, यांची पाव; गुण 50. चार पन्नास दोनशे, आणि चार पाव म्हणजे एक, हे पावकी शिकवणाऱ्या गुरुजींनी मला छडीच्या साक्षीनं सांगितलेलं. म्हणजे लढाई तीच, फक्त वाघाची मोड आणलेली. आत्तीनं चुलीत भाजलेल्या फणसाच्या चार आठळ्या मी चटईवर मांडल्या.

पुढचं सांगवत नाही. भाची जादूगार होती, तिचा जीव 7, आणि एका चाव्याची सरासरीही 7, त्यामुळे तिनं मंत्र पाठ करून ठेवलेला असताना तिची पाळी यायच्या आत ती गेली; भाच्याच्या अंगात साखळ्यांचं चिलखत, त्याला चावायला फाशावर 12 किंवा त्याहून जास्त पडायला हवं, म्हणजे शंभरात 45 वेळा, तेवढ्यावर मी निर्धास्त होतो, तर सोबती शेजारी असला की या जनावराला दोनदा फासा टाकून मोठा आकडा घेता येतो असं निघालं आणि 45 चे झाले जवळजवळ 70; राहिलेली दोघं त्याला वाचवायला धावली आणि तिथेच आडवी झाली. मोहिमेत फक्त मास्टर जिवंत राहिला.

"काय करूलालाय रे एवढं?" म्हणत आत्ती बाहेर आली. भाच्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वाघ एकदा चावतंय. ती चारदा चावत्यात. त्याला पुस्तक कशाला पायजे गा?"

पुस्तकात तेच होतं, पण पुढच्या पायरीत. बेरीज जुळली की पुढे वाचायचं नाही, ही माझी पतसंस्थेतली सवय. दोन जनावरं असली तर बेरजेची दीडपट धरायची, तीन ते सहा असली तर दुप्पट, सात ते दहा असली तर अडीचपट, आणि पुढे चौपटीपर्यंत. माझे 200 दुप्पट होऊन 400 झाले होते, म्हणजे प्राणघातक. मोटारी बनवणाऱ्या लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं 1916 साली हे युद्धाच्या हिशेबात मांडलं होतं, असं भाचा टॉर्चच्या उजेडात सांगू लागला. जिथे प्रत्येकाला प्रत्येकावर नेम धरता येतो, तिथे बळ संख्येच्या वर्गानं वाढतं. चाराचा वर्ग सोळा, सोळाचा पाव चार. म्हणजे चार पाव मिळून एक होत नाही, चार होतात. गुरुजी नाहीत आता, नाहीतर छडी परत मागितली असती.

वीरांना जिवंत करून मी नव्यानं हिशेब मांडला. तीन रानकुत्री, दीडशेची दुप्पट तीनशे. अवघड, पण प्राणघातक नाही. आठळ्या मांडल्या, पेन्सिल कानावर ठेवली आणि मान वर केली तर आठळ्या दोनच. घोंगडीतून एक हात बाहेर आला होता. दोन म्हणजे शंभराची दीडपट, दीडशे. ही तर मध्यमसुद्धा नाही, असं म्हणत मी दिडकी आठवेपर्यंत उरली एक.

"मामा, नव्या पुस्तकात हे सोपं केलंय," भाचा म्हणाला. "2024 च्या. गुणाकार काढूनच टाकलाय."

"मग नुसती बेरीज?"

"नुसती बेरीज. त्या हिशेबानं तुझी मघाची लढाई सगळ्यात खालच्या पायरीची."

मी ताठ बसलो. म्हणजे मी बरोबरच होतो, फक्त पुस्तक जुनं होतं! ही गोष्ट मी दोनदा, जरा मोठ्यानं बोलून दाखवली.

भाची मघापासून गप्प होती. "खालच्या पायरीची होती, तर मग मी मेले कशी?"

"ह्याच्यामुळं," आत्ती म्हणाली आणि गरम आठळ्यांचं सूप चटईवर ओतलं.