आग लावण्याचा परवाना

लेस्टरमधलं आमचं घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. खोली तिथे शेगडी, अशी तेव्हाची रीत. त्यामुळे वर-खाली मिळून चार शेगड्यांचे कोनाडे आमच्या वाट्याला आले आहेत. दुसऱ्या चार्ल्सने 1662 मध्ये इंग्लंडात शेगडीपट्टी बसवली होती, दर शेगडीला वर्षाला दोन शिलिंग. मोजणीला माणसं थेट घरात शिरत. लोक इतके वैतागले, की 1689 मध्ये विल्यम आणि मेरी गादीवर येताच ती पट्टी रद्द झाली. नव्या गॅस फायरचं कोटेशन हातात पडलं तेव्हा मला चार्ल्स फारच दयाळू वाटला.

माझं म्हणणं साधं होतं: दिवाणखान्यातली जुनी गॅसची शेगडी काढा, नवी बसवा. ब्रिटनमध्ये हे काम करणाऱ्याकडे ‘गॅस सेफ’ नोंदणीचं कार्ड लागतं. आमच्या गॅसवाल्याने ते दाखवलं आणि शेगडीकडे ढुंकूनही न बघता कोनाड्यात डोकं घातलं. वर टॉर्च मारला. एक्स-रे बघताना डॉक्टर काढतात तसा “हं” असा आवाज काढला. मी मनातल्या मनात कोटेशन दुप्पट करून टाकलं.

दुखणं फ्लूचं, म्हणजे धुराड्यातून वर जाणाऱ्या वाटेचं होतं. मूळ धुराडं कोळशासाठी बांधलेलं, ऐसपैस. गॅसचा धूर त्यात गारठतो, त्यातल्या वाफेचं पाणी होऊन भिंतीला ओल येते, आणि वर जायचा कंटाळा आला तर तो खोलीत परततो. सोबत कार्बन मोनॉक्साइड असेल तर त्याला ना रंग ना वास, त्यामुळे पाहुणा आल्याचं यजमानाला कळतही नाही. म्हणून धुराड्यात स्टीलची लवचीक नळी सोडतात. ती अरुंद, त्यामुळे धूर गरम राहतो आणि निमूट वर जातो. आमच्या जुन्या नळीची गंजून चाळण झाली होती.

“आग कुणीही लावेल हो,” गॅसवाला म्हणाला, “धूर कुठे जाणार, ते बघायला परवाना लागतो.” आमच्या घराण्यात हे कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर निम्मी भावकी आज बोलत असती.

मग एक जण छपरावर, एक कोनाड्यात, अशी ओढाताण सुरू झाली. नळी तुकड्यातुकड्याने आली. पाठोपाठ पोतंभर काड्या. जॅकडॉ हा कावळ्याच्या नात्यातला पक्षी धुराड्यात वरून काड्या टाकत राहतो. एखादी अडकली, की तिच्यावर संसार मांडतो. घरटं वापरात असेल तर 1981च्या कायद्याने ते हलवता येत नाही. पुण्याच्या वाड्यातल्या जुन्या भाडेकरूलाच शोभावं असं हे संरक्षण! नशिबाने ऑक्टोबर होता, बिऱ्हाड उठलेलं होतं. शेवटी काजळी आली, ती मात्र सोफ्यापर्यंत.

“वर्षभर डोळ्यांत घालायला पुरेल,” कऱ्हाडहून आलेली आई म्हणाली.

नवी नळी बसली. धुराची गोळी पेटवून पाहिली. धूर शहाण्यासारखा छपरावरून बाहेर पडला. मग शेगडी लागली. आत निखारे लालबुंद. आई सरसावून बसली.

“कोळसा कधी बदलायचा?”

“तो जळतच नाही गं. चिनी मातीचा आहे. 1952 साली लंडनमध्ये धुरकं दाटून हजारो माणसं दगावली, तेव्हा 1956 मध्ये कायदा झाला. मग हळूहळू घरातला कोळसा गेला आणि नुसतं त्याचं रूप राहिलं.”

“बरं. भरताचं वांगं भाजता येईल?”

“त्याच्यावर काही ठेवायचं नाही.”

“आणि घर कशाने तापतं?”

“ते रेडिएटरने.”

आईने माझ्याकडे, मग बिलाकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तपासायला उठलो.

संध्याकाळी ती त्याच शेगडीपुढे पाय शेकत कऱ्हाडला फोन करत होती. मावशी काकूबद्दल काय म्हणाली, ते काकूला सविस्तर सांगत होती, “तुझ्या कानावर असावं म्हणून.” पंधरा मिनिटांत मावशीचा फोन मला आला. अलार्म गप्पच होता.